चादरीचा मरून रंग कॅमेरा बदलून येणार नाही

वाचकाचं पत्र

ताई,
मी सोलापूरची, अशोक चौकाच्या भागात राहते, वय २४. लग्नं शूट करते. शिवाय चादर-टॉवेलची दुकानं आणि युनिफॉर्मवाले यांच्यासाठी छोट्या जाहिराती, लोगो अ‍ॅनिमेशन, टायटल अशी कामं घेते. कॅमेरा सोनीचा झेडव्ही-ई१०, लॅपटॉप १६ जीबी रॅमचा. एडिटिंग दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत करते आणि टायटल आफ्टर इफेक्ट्समध्ये.
चादरी शूट केल्या की कापडावर रंगीत पट्टे नाचतात. मरून चादर विटकरी दिसते म्हणून एका दुकानदाराने पैसे कापले. टायटलमध्ये जोडाक्षरं तुटतात. फोर-केचं फुटेज टाइमलाइनवर टाकलं की लॅपटॉप अडखळतो. रोज काहीतरी नवं निघतं, प्लगइन, कॅमेरा, एआय, आणि आपण मागे पडतोय असं वाटत राहतं. दीड लाख साठवलेत. फुल-फ्रेम कॅमेऱ्यासाठी उरलेले पैसे बाबा पतसंस्थेतून कर्ज काढून द्यायला तयार आहेत. ते यंत्रमागावर काम करतात. एक ओळखीचे सगळे प्लगइन पेनड्राइव्हवर फुकट देतो म्हणतायत. संक्रांतीला गड्डा यात्राही शूट करायची आहे. नक्की काय घेऊ?

उत्तर

कर्ज काढू नकोस आणि बाबांनाही काढू देऊ नकोस. हे आधीच सांगते, कारण तुझ्या पत्रातल्या चार अडचणींपैकी एकही फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्याने सुटणारी नाही. त्यातली एक उलट वाढणारच आहे. काम कुठे अडतंय ते तू नेमकं लिहिलंयस. पैसा त्या जागी लावायचा. बाजारात काय नवं आलं याचा विचार त्यानंतर करू.

कापडावर नाचणाऱ्या पट्ट्यांपासून सुरुवात करते, कारण सोलापुरात राहून हे काम करणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट आलीच पाहिजे. याला मॉअरे म्हणतात. दोन मच्छरदाण्या एकावर एक धरून हलवल्या की लाटा दिसतात ना, तसंच इथे घडतं. एक जाळी कापडाच्या ताण्या-बाण्याची, दुसरी सेन्सरवरच्या पिक्सेलची. दोन्हींची दाटी जवळपास जुळली की मूळ कापडात नसलेले पट्टे चित्रात उमटतात. ते रंगीत दिसतात, कारण सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग टिपतो आणि बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. हे टाळण्यासाठी सेन्सरपुढे चित्र किंचित मऊ करणारा फिल्टर बसवतात. पण चित्र जास्त धारदार यावं म्हणून बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांतून तो काढून टाकलेला असतो. म्हणजे महाग कॅमेऱ्यात हा त्रास उलट जास्तही होऊ शकतो.

उपाय शूटिंगच्या वेळीच करायचा. पट्टे दिसले की एक-दोन पावलं पुढे किंवा मागे सरक, किंवा झूम थोडा बदल, म्हणजे दोन जाळ्यांचं जुळणं मोडतं. चादर कॅमेऱ्यासमोर सपाट ताणून धरण्याऐवजी घडीवर, झोळ देऊन, जरा तिरकी ठेव. दुरून अख्खी चादर दाखवताना फोकस कापडावरून केसभर पुढे आणलास तरी नक्षी स्पष्ट राहते आणि पट्टे जातात. वीण दाखवायची असेल तर अर्धवट अंतरावर थांबू नकोस, धागा न धागा मोजता येईल इतकी जवळ जा. एक खबरदारी घे. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर दिसणारे पट्टे कधी कधी फक्त त्या स्क्रीनवर चित्र लहान केल्यामुळे दिसतात. चित्र मोठं करून बघ, तिथेही दिसले तरच ते फुटेजमध्ये आहेत.

आधीच शूट झालेलं कामही बरंचसं वाचवता येतं, तेही मोफत रिझॉल्व्हमध्ये. कलर पेजवर एक नोड, म्हणजे रंगकामाचा एक टप्पा, घे, त्याची कलर स्पेस लॅब कर, चॅनेलमधून पहिला चॅनेल बंद कर आणि मग ब्लर वाढव. पहिला चॅनेल उजेडाचा. तो बंद असल्यामुळे वीण जशीच्या तशी राहते, फक्त रंगाचे डाग विरघळतात. काठापदरावर रंग बाहेर सांडायला लागला की थांब.

आता मरून रंग. त्या दुकानदाराने पैसे कापले याचं मला वाईट वाटलं, पण त्याची तक्रार खोटी नव्हती. दोष बहुतेक लाइटचा असणार. लाइटच्या खोक्यावर सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा, आकडा असतो, ८० वगैरे. तो आकडा म्हणजे आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी. गडद लाल हा नववा नमुना, त्याला आर-९ म्हणतात, आणि तो या सरासरीत धरतच नाहीत. त्यामुळे सीआरआय ८० लिहिलेल्या एलईडीचा आर-९ शून्याच्या आसपासही असू शकतो. त्या उजेडात मरून, किरमिजी, कुंकवाचा लाल हे रंग मातकट होतात. जे त्या उजेडातच नाही ते कॅमेरा कुठून टिपणार? लग्नात हळदीच्या आणि चेहऱ्याच्या रंगाचंही हेच होतं. म्हणून पहिली खरेदी लाइटची. सीआरआय ९५ च्या वर आणि आर-९ चा आकडा वेगळा छापलेला, ९० च्या आसपास किंवा वर, असा एक मोठा एलईडी आणि त्याला सॉफ्टबॉक्स घे. आर-९ छापलेलाच नसेल तर तो लाइट सोड.

लाइट घेतलास तरी दुकानातल्या ट्यूब आणि शटरमधून येणारं ऊन त्यात मिसळू देऊ नकोस. शूट होईपर्यंत त्या बाजूच्या ट्यूब बंद करायला सांग, शटर अर्धं ओढ. ग्रे कार्ड धरून व्हाइट बॅलन्स हाताने लाव, ऑटोवर सोडू नकोस. गडद लाल रंगात लाल चॅनेल इतर दोन्हींच्या आधी भरून जातो आणि मग नक्षीच मिटते, त्यामुळे एक्स्पोजर जरा खाली ठेव आणि एडिटिंगला बसल्यावर परेड स्कोप, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आलेख, उघडून बघ. शेवटचं काम न चुकता कर: पहिला शॉट झाला की एक फ्रेम दुकानदाराच्याच फोनवर पाठव, खरी चादर शेजारी धर आणि त्याच्या तोंडून रंग मंजूर करून घे. तो जाहिरात त्याच फोनवर बघणार आहे.

एक लहान गोष्ट, पण तिच्यावाचून दुकानातले अर्धे शॉट वाया जातात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेव. बरेच फोन मुळात ३० फ्रेमवर लावलेले असतात आणि १/६० शटरला आपल्याकडच्या ट्यूबखाली चित्र फडफडतं. फोनवर दुसरा अँगल घेत असशील तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अ‍ॅप टाक. २०२३ मध्ये ते आयफोनवर आलं, २०२४ मध्ये अँड्रॉइडवर. त्यात फ्रेम रेट, शटर आणि व्हाइट बॅलन्स हाताने लावून कुलूपबंद करता येतात. गेल्या काही वर्षांत आलेल्या नव्या गोष्टींपैकी छोट्या गावातल्या माणसाला सगळ्यात उपयोगाची मला हीच वाटते.

लॅपटॉपकडे वळू. तुझा कॅमेरा जी फाइल देतो तिच्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मधूनमधून एक पूर्ण फ्रेम, आणि मधल्या जागी नुसते बदल. कार्डावर जागा वाचते, पण टाइमलाइन मागेपुढे सरकवताना लॅपटॉपला दर वेळी ते बदल जोडून फ्रेम उभी करावी लागते, म्हणून तो अडखळतो. यावर इलाज प्रॉक्सीचा, म्हणजे फुटेजच्या हलक्या नकलांचा. रिझॉल्व्हमध्ये क्लिप निवडून प्रॉक्सी तयार करायला लाव, जेवून ये, आणि एडिटिंग त्या हलक्या फाइलींवर कर. अंतिम रेंडर मूळ फुटेजवरून होतं, दर्जा कुठेही घटत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो आणि तापलेला लॅपटॉप स्वतःचा वेग आपोआप कमी करतो, म्हणून मोठे रेंडर रात्री लाव.

आणि इथेच तुझा नवा कॅमेरा अडचण वाढवेल. आजचे कॅमेरे १०-बिट ४:२:२ एच.२६५ फाइल देतात, म्हणजे रंगाची माहिती जास्त आणि दाबून भरलेली. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १०-बिटमध्ये १०२४. कलर ग्रेडिंगला ते सोनंच आहे. पण या फाइली उघडायला एनव्हिडियाच्या ५०-मालिकेच्या आधीच्या कार्डांत हार्डवेअरची मदत नाही. ती इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला किंवा अ‍ॅपलच्या एम-मालिकेच्या चिपला जमते. शिवाय विंडोजवर रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती या फाइलींशी अडते. म्हणजे कॅमेऱ्यामागून लॅपटॉप, त्यामागून रिझॉल्व्हची विकतची स्टुडिओ आवृत्ती, आणि फुल-फ्रेम घेतलास तर नव्या लेन्सेस. पतसंस्थेचं कर्ज एका कॅमेऱ्यावर थांबणार नाही.

तुटलेली जोडाक्षरं मला फार खुपतात. लग्नाच्या व्हिडिओत नवऱ्या मुलीचं नाव चुकीचं उमटावं हे कुणालाच बरं वाटणार नाही. आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रेफरन्सेस उघड, टाइप विभागात टेक्स्ट इंजिन बघ. तिथे लॅटिन असेल तर बदलून भारतीय लिप्या सांभाळणारं इंजिन निवड. जुन्या आवृत्त्यांत त्याचं नाव ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ असं होतं. मग नवा टेक्स्ट लेयर घेऊन मजकूर पुन्हा टाक. दुकानदार श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर देतात, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घे. आणि कुठलंही नवं सॉफ्टवेअर, टायटल टेम्प्लेट किंवा प्लगइन विकत घेण्याआधी त्याच्या चाचणी आवृत्तीत एवढं टाइप करून बघ: श्री सिद्धेश्वर, कर्तृत्व, उज्ज्वल, वऱ्हाड, दऱ्याखोऱ्या, ऑफर. ‘वऱ्हाड’मधला ऱ्ह नीट आला नाही तर ते मराठी कामाचं नाही, डेमो कितीही देखणा असो.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या टेक्स्टवर देवनागरीसाठी विसंबू नकोस. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं लिही, पाथ कर, एसव्हीजी म्हणून ब्लेंडरमध्ये आण आणि मग जाडी दे. इंग्रजी ट्यूटोरिअलमध्ये दाखवतात तशी एकेक अक्षर उडत येणारी अ‍ॅनिमेशनं आपल्या लिपीवर लादू नकोस, वेलांटी एकीकडे आणि अक्षर एकीकडे होतं. शब्द हा एकक धर. आपल्याकडे शिरोरेषा आहे, तिचा उपयोग कर: आधी रेघ डावीकडून उजवीकडे ओढली जाते, मग अक्षरं तिच्याखाली उतरतात. आफ्टर इफेक्ट्समध्ये रेघेला ट्रिम पाथ (रेघ हळूहळू ओढणारा) आणि अक्षरांना मास्क (ठरलेला भागच दाखवणारा) लावलास की झालं, एकही प्लगइन लागत नाही.

फॉन्टचं सांगते, कारण सोलापूरच्या दुकानदाराचं गिऱ्हाईक मराठी असतं तसं तेलुगू आणि कन्नडही असतं. एक टाइप या मुंबईच्या गटाने केलेलं बालू हे कुटुंब बघ. देवनागरीला बालू २, कन्नडला बालू तम्मा, तेलुगूला बालू तम्मुडू. तिन्ही एकाच वळणाचे, मोफत, आणि धंद्याच्या कामाला परवानगी असलेले. एकाच जाहिरातीच्या तीन भाषांतल्या आवृत्त्या देते म्हणून दुकानदाराला सांग आणि त्याचे वेगळे पैसे घे. हे काम पुण्या-मुंबईच्या स्टुडिओपेक्षा तुला चांगलं जमेल, कारण तीन भाषा तुझ्या गल्लीतच बोलल्या जातात आणि मजकूर तपासायला माणसं शेजारी आहेत.

सॉफ्टवेअरबद्दल एवढंच, की तुझ्याकडे जे आहे ते कमी नाही. दाविंची हे एकेकाळी मोठ्या स्टुडिओंतच परवडणारं कलर ग्रेडिंगचं यंत्र होतं. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिकने ती कंपनी घेतली आणि २०११ मध्ये मोफत आवृत्ती काढली. आज त्यात फ्यूजन आहे, म्हणजे नोडवर चालणारं मोशन ग्राफिक्स, पार्टिकल सिस्टिमसह (ठिणग्या, धूळ असे हजारो कण हलवणारी सोय). ब्लेंडर २००२ पासून मुक्त आहे, आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा चित्रपट ब्लेंडरमध्येच केलेला होता. पार्टिकलचं एखादं प्लगइन घ्यावंसं वाटलं तर तसं काम आधी फ्यूजनमध्ये करून बघ. जमलं नाही तर विकत घे, पण घेण्याआधी ते कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं ते बघ. आफ्टर इफेक्ट्सचं प्लगइन रिझॉल्व्हमध्ये चालत नाही, तिथे ओपनएफएक्स या पद्धतीचं प्लगइन लागतं. आफ्टर इफेक्ट्स मुंबईच्या एजन्सीचं काम आलं आणि त्यांनी प्रोजेक्ट फाइल मागितली तर लागेलच. रोजच्या कामाला पुरत असेल तर ठेव, नाहीतर कामापुरतं घे. मात्र वर्षाचा करार करून महिन्याला पैसे भरण्याची योजना मध्येच सोडली तर दंड लागतो, म्हणून निवडताना नीट वाच.

ओळखीच्यांच्या पेनड्राइव्हला हात लावू नकोस. असं चोरीचं सॉफ्टवेअर चालवणारा क्रॅक बसवताना पहिली सूचना असते अँटिव्हायरस बंद करायची. त्याच दारातून येणारं रॅन्समवेअर सगळ्या फाइलींना कुलूप लावतं, आणि तुझ्या डिस्कवर लोकांची लग्नं आहेत. ती पुन्हा शूट करता येत नाहीत. दुसरं असं, की सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे तरी बाहेर विणलेला माल सोलापुरी म्हणून विकला जातो. त्याची झळ काय असते ते तुझ्या बाबांना विचार. प्लगइन लिहिणाराही मजुरीवरच जगतो.

एआयचंही तू लिहिलंयस. पार्श्वभूमी वाढवायला, नको ती वायर पुसायला खुशाल वापर. विकायचं कापड मात्र एआयने बनवू नकोस. त्यातली वीण खरी नसते, नक्षी दर फ्रेमला थोडी बदलते, आणि घरी येणारी चादर वेगळी निघाली की शिव्या दुकानदाराला बसतात. त्यापेक्षा खऱ्या चादरीचा सरळ, सपाट फोटो घे, ब्लेंडरमध्ये कापडाच्या सिम्युलेशनवर टेक्स्चर म्हणून चढव आणि ती चादर पलंगावर अलगद पडताना दाखव. एकदा सेट-अप बसला की नवीन डिझाइनसाठी फक्त फोटो बदलायचा. चादरवाल्यांना हे दाखव, मला वाटतं तुझं नियमित काम इथून सुरू होईल.

तर दीड लाखातून आधी लाइट. मग दोन बाहेरच्या हार्ड डिस्क. तुझा कॅमेरा फोर-केला १०० मेगाबिटवर चालवलास तर तासाला ४५ जीबी होतात, चार तासांचं लग्न दोन कॅमेऱ्यांनी म्हणजे ३६० जीबी, आणि प्रत्येक फाइल दोन जागी हवीच. मग वायरलेस माइक, ३२-बिट फ्लोट रेकॉर्डिंग (आवाज चढला तरी नंतर सावरता येणारं) आतच करणारा, कारण हलगी सुरू झाली की लेव्हल सांभाळायला तुला वेळ नसतो. वीज जाते तेव्हासाठी यूपीएस. रिझॉल्व्ह स्टुडिओ २९५ डॉलरला एकदाच मिळतं, पण नॉइज रिडक्शन किंवा मॅजिक मास्कची गरज कामात खरोखर पडायला लागल्यावर घे. एवढं होऊन निम्मे पैसे उरावेत, ते बँकेत राहू देत. पुढे कॅमेरा बदलायचाच झाला तर सोनीचा एफएक्स ३० किंवा झेडव्ही-ई१० ची दुसरी आवृत्ती बघ. दोन्ही १०-बिट ४:२:२ देतात आणि तुझ्याच माउंटचे आहेत, लेन्सेस चालतील. बॅटऱ्या मात्र वेगळ्या लागतील. २०२४ मध्ये निकॉनने रेड ही सिनेकॅमेऱ्याची कंपनी विकत घेतल्यापासून स्वस्त कॅमेऱ्यांतही रॉ, म्हणजे सेन्सरवरचं कच्चं, रेकॉर्डिंग येऊ लागलंय, त्यामुळे थांबण्यात तोटा नाही.

राहिली गड्डा यात्रा, आपल्या सिद्धेश्वरांची जत्रा. ती तू जरूर कर, आणि फुल-फ्रेमची हौस तिथेच भागव, भाड्याने. संध्याकाळनंतरच्या मिरवणुकीला आणि शोभेच्या दारूकामाला मोठ्या सेन्सरचा खरा फायदा होतो. दिवसा अक्षता सोहळ्याला अडचण उलटी आहे: सगळीकडे पांढऱ्या बाराबंद्या आणि डोक्यावर जानेवारीचं लख्ख ऊन. ऑटो एक्स्पोजरवर राहिलीस तर बाराबंदीची एक चुणीही दिसणार नाही. झेब्रा, म्हणजे जास्त उजेडाच्या जागी रेघा दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय, ९५ वर लाव, बाराबंदीवर रेघा उमटल्या की एक्स्पोजर खाली आण, चेहरे नंतर उचलता येतात. नंदीध्वजांच्या उंच काठ्या फ्रेममध्ये पूर्ण मावत नाहीत, म्हणून एखाद्या गच्चीची परवानगी आठवडाभर आधीच मागून ठेव. भाड्याचा कॅमेरा आदल्या दिवशी सकाळीच ताब्यात घे, दोन्ही कार्डं त्यातच फॉरमॅट कर, आणि निदान तीन बॅटऱ्या मागून घे. गर्दीत शिरल्यावर चार्जिंगला परत येता येत नाही.